कच्च्या लिंबांची वाटी

"काकू, उठा! तुमची माहेरवाशीण आलीय!"

रंगराव फाटकातूनच ओरडले आणि सगळं गॅरेज हसलं. टाकेवाल्या काकूही हसल्या. हातातला बंपर त्यांनी खाली ठेवलासुद्धा नाही, कारण असली थट्टा केल्यावाचून रंगरावांचा दिवस सरत नसे.

दुरुस्त करून दिलेली गाडी त्याच दुखण्याने परत आली की तिला या गॅरेजात माहेरवाशीण म्हणत. ज्याच्या हातचं काम परत आलं त्याने सगळ्यांना चहा पाजायचा आणि दिवसभर टोमणे ऐकून घ्यायचे, अशी रीत होती. गाड्या रंगवतात म्हणून रंगराव हे नाव पडलेल्या त्या गृहस्थांनी तर आजवर इतके चहा पाजले होते की चहावाला त्यांना जावयासारखा मान द्यायचा. गॅरेजच्या मालकांनीही पाजले होते. पाजला नव्हता तो एकट्या काकूंनी. तुटकं प्लास्टिक सांधायचं हे त्यांचं काम. पूर्वी त्या याच गॅरेजात सीटची कव्हरं शिवायच्या. पुढे कापडाचे टाके सुटले आणि प्लास्टिकचे हातात आले, पण हात तोच राहिला. काकूंनी सांधलेला बंपर एक वेळ दुसरीकडे फुटेल, सांध्यावर फुटायचा नाही, हे जुन्या गिऱ्हाइकांनाही पाठ होतं.

"रंगराव, डोळे तपासून घ्या," काकू म्हणाल्या. "तुमचीच कुणीतरी असेल."

"माझी कशी असेल? हिला रंगच नाही!"

तेव्हा कुठे काकूंनी मान वर केली.

पांढरी एसयूव्ही हळूहळू आत येत होती. असल्या मोठ्या गाड्यांना चाकांवरून काळ्या प्लास्टिकची कमान असते ना, खरबरीत, बिनरंगाची, तशी तिची डावीकडची पुढची कमान मधोमध तडकली होती. काकूंनी लांबूनच ओळखली. महिन्याभरापूर्वी ती त्यांनीच सांधली होती.

बिनरंगी कमान म्हणजे तर काकूंचा जीव की प्राण. रंगवायच्या बंपरवर खाचांत लांबी भरून, वर रंग मारून पुष्कळ पापं झाकता येतात. काळ्या खरबरीत कमानीवर काही म्हणता काही झाकता येत नाही. म्हणून काकू सांधा घासून सपाट करत, गरम हवेच्या गनने पुन्हा जरासा मऊ करत आणि त्यावर एका जुन्या पिशवीचं कातडं दाबून धरत. कातडं उचललं की खाली मूळचा खरबरीतपणा उमटलेला असायचा. मग गिऱ्हाईक त्यावरून बोट फिरवून सांधा शोधत बसायचं, आणि काकू दुसरीकडे बघत उगाच गनची वायर गुंडाळत बसायच्या. त्यांना भारी आवडायचं ते.

गाडीतून ड्रायव्हर उतरला. पन्नाशीचा, धुतलेला शर्ट, खांद्यावर फडकं. एरवी हसतखेळत येणारा माणूस, पण आज त्याचा चेहरा पार उतरला होता.

"काकू, मी कुठ्ठेही ठोकली नाही हो. सकाळी धुवायला घेतली तर फडकं अडकलं. बघतो तर ही अशी!"

"मग घाबरताय कशाला? बघू की."

"घाबरू नको तर काय करू? मागच्या वेळी साहेबांच्या मुलाने खांबाला घासली, तेव्हा साहेब हसले. आता माझ्याशिवाय कुणी चालवलीच नाही. साहेब म्हणतात, ठोकलीस तर ठोकलीस, कबूल कर, मी काही बोलणार नाही. पण खोटं बोलणारा माणूस मला गाडीवर नको. उद्यापर्यंत खरं सांग, नाहीतर चावी ठेवून जा." त्याने फडक्याने कपाळ पुसलं. "आता जे केलंच नाही ते कबूल कसं करू, काकू? इतकी वर्षं गाडी हाणतोय, एक ओरखडा नाही माझ्या नावावर. आता या वयात खोटारडा म्हणून घरी जाऊ?"

आवाज ऐकून मालक बाहेर आले. काकूंपेक्षा वयाने लहान. काकूंना मालकांच्या वडिलांनी कामाला ठेवलं होतं. त्यांनी वाकून तडा बघितला आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, लागला असेल कुठे तरी धक्का. होतं असं. काकूंचं काम आहे हे. कधी परत आलंय का?"

"तेच तर साहेबही म्हणतात!" ड्रायव्हर रडवेला झाला. "म्हणतात, त्या बाईंचं काम सुटत नाही, हे सगळ्यांना माहितीये. म्हणजे तूच ठोकलीस."

सगळे काकूंकडे बघायला लागले. रंगरावसुद्धा. आणि त्या बघण्यात काय होतं म्हणाल, तर नुसता विश्वास होता. काकूंनी नजर कमानीकडे वळवली.

"गाडी राहू दे," त्या म्हणाल्या. "मी कमान खोलून बघते. उद्या साहेबांनाच घेऊन या."

कमान खोलून त्यांनी टेबलावर पालथी घातली. मागून घातलेले तारेचे टाके जागच्या जागी होते. पण सांध्यावर वितळवून चढवलेली प्लास्टिकची सळी कडेने उचलली गेली होती. काकूंनी नख घातलं, तर ती वाळलेल्या सालीसारखी अख्खीच्या अख्खी हातात आली. खालची कमान स्वच्छ, गुळगुळीत. दोन्ही एकमेकांत मुरलीच नव्हती. याला धक्काबिक्का लागायची गरजच नव्हती. गाडी चार खड्ड्यांतून गेली असेल, तेवढं बास झालं असणार.

प्लास्टिकचीही घराणी असतात. एक मऊ, एक टणक. मऊ कमानीला मऊचीच सळी लागते, टणकला टणकची. चुकीच्या घराण्याची सोयरीक केली तर वरवर सगळं छान दिसतं आणि महिन्याभरात दोघं वेगळी होतात. कोणतं प्लास्टिक आहे ते कमानीच्या मागे कोरलेलं असतं. पण कधी नेमका तोच तुकडा फुटून हरवलेला असतो. मग नवशिके काय करतात, तर एक टवका काढून पाण्यात टाकतात. तरंगला तर मऊ, बुडाला तर टणक.

काकू त्या पाण्याच्या वाटीला कच्च्या लिंबांची वाटी म्हणायच्या. टेबलावर कुणी वाटी ठेवलेली दिसली की म्हणायच्या, "ज्यांना नाक नाही त्यांनी पाण्यात खेळावं." त्यांची स्वतःची रीत निराळी. गनचं तापलेलं टोक कमानीच्या मागे जरासं टेकवायचं, धुराची बारीक रेघ उठली की वाकून वास घ्यायचा. विझलेल्या मेणबत्तीसारखा आला तर मऊ. घशाला झोंबला तर टणक. रंगरावांनी एकदा त्यांचे डोळे बांधून टवक्यांमागून टवके नाकाशी धरले होते. काकूंनी एकही चुकवला नव्हता. तो किस्सा गॅरेजात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावाच लागायचा.

तर ते नाक गेलं होतं. चार-पाच महिन्यांपूर्वी जबर सर्दीताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. येईल परत, येईल परत, म्हणून काकूंनी कुणाला सांगितलं नाही, आणि मग सांगायची वेळ निघून गेल्यासारखं झालं. बहुतेक बंपरांवर कोरलेलं असतंच, भागत होतं. ही कमान आली तेव्हा तिच्यावर काही नव्हतं. कंपनीची बहुतेक मऊच असते. ही मात्र बाहेरून घेतलेली, नकली निघाली. त्या दिवशी काकू नेहमीसारख्या वाकल्या, नेहमीसारखा श्वास घेतला. काहीच आलं नाही. समोर रंगराव उभे होते. काकूंनी मान वर केली आणि मोठ्याने म्हणाल्या, "मऊ!"

आणि सळी चढवताना बोटांना कळलं होतं हो! सळी हट्ट करत होती, बसत नव्हती, घसरत होती. काकूंनी दोन टाके जास्त घातले आणि ती शंका तिथेच दाबून टाकली. आता ते दोन जास्तीचे टाके त्यांच्याकडे बघत होते.

निघताना मालक टेबलाशी आले. "काकू, उद्या तुम्ही काही बोलू नका. साहेबांना मी सांगतो. उगाच तुम्हाला मनस्ताप कशाला?"

म्हणजे खोटंही बोलायची गरज नव्हती. नुसतं गप्प बसलं तरी पुरणार होतं.

घरी येऊन काकूंनी दूध तापत ठेवलं आणि तिथेच ओट्याशी स्टूल ओढून बसल्या. सून बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. ती एकदम धावत आली आणि गॅस बंद केला. दूध करपून भांड्याच्या बुडाला लागलं होतं, सगळ्या स्वयंपाकघरात धूर झाला होता.

"आई! अहो, तुम्ही इथेच बसलाय की!"

"लक्ष नव्हतं गं."

सुनेने भांडं मोरीत ठेवलं, नळ सोडला आणि पाठमोरीच म्हणाली, "तुम्हाला वास येत नाही ना?"

काकू पदराने धूर वारू लागल्या.

"मला केव्हाची शंका आहे. परवा तुमच्या पायाशी फिनाइलची अख्खी बाटली सांडली आणि तुम्ही मजेत भाजी निवडत होतात. तुम्ही सकाळी चहा करून गेलात की मी रोज उठून गॅसचं बटण बघते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्यापुढे नाकाची गोष्ट काढायची? माझी हिंमत! मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी माझ्या भाजीचा नुसता वास घेऊन म्हणालात, मीठ कमी आहे. मिठाला कधी वास असतो का?"

"आणि होतं की नाही कमी?"

"होतं!" सून वळून म्हणाली, आणि दोघी एकदम हसायला लागल्या. हसता हसता काकूंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. सुनेने हात पुसले, शेजारी बसली. काकूंनी तिला सगळं सांगितलं. कमान, सळी, ड्रायव्हर, मालकांचं बोलणं.

"मग काय करणार?" सुनेने विचारलं.

"काय करणार म्हणजे?" काकूंचा आवाज चढला. "त्या माणसाने जन्मभर गाडीला ओरखडा येऊ दिला नाही. मला माझ्या सांध्यांचा अभिमान आहे, तसा त्याला त्याचा आहे. माझं नाव राहावं म्हणून त्याने खोटारडा म्हणवून घ्यायचं? मी काय मेलेय का?"

"पण मालक म्हणतील, नाक गेलं तर आता टेबल सोडा."

"म्हणतील," काकू म्हणाल्या. "मला ते टेबल फार आवडतं गं."

"माहितीये मला." सून उठली, फळीवरून वाटी काढली, परत ठेवली आणि दुसरी काढली. "ही काचेची न्या. स्टीलच्या वाटीत तळ नीट दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी साहेब आले ते घाईतच. ड्रायव्हर त्यांच्या मागे चार पावलं अंतर ठेवून, कोर्टात उभा केल्यासारखा. रंगराव हातातला ब्रश पुसत पुसत उगाच जवळ आले. मालकांनी खुर्ची पुढे केली.

"बसा साहेब. त्याचं असं आहे, काकूंचं काम म्हणजे—"

"थांबा, मालक," काकू म्हणाल्या. "माझ्या कामाचं मी सांगते."

त्यांनी साहेबांकडे सरळ बघितलं.

"साहेब, गाडी कुणी ठोकलेली नाही. कमान माझ्या चुकीने सुटली."

मालकांनी मान खाली घातली. कुणीतरी चालू असलेली मशीन बंद केली.

"बघा," काकू म्हणाल्या. त्यांनी काचेची वाटी पुढे ओढली. "ही मी घातलेली सळी." त्यांनी तिचा टवका पाण्यात टाकला. तो तरंगला. "आणि ही तुमची कमान." कमानीचा टवका टाकला. तो गटकन तळाशी गेला. "एक मऊ, एक टणक. ही दोघं एकत्र नांदणारच नव्हती. मला ओळखता आलं नाही. धक्का लागला असता तर कमान बाजूलाही कुठे तरी चिरली असती. हात लावून बघा, कुठेही चीर नाही. तुमचा माणूस खरं बोलतोय."

"पण काकू," मालकांना राहवलं नाही, "तुम्ही तर नुसत्या वासावरून—"

"वास येत नाही आता. तापात गेला. तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. ती चूक पहिली, कमानीची दुसरी."

साहेबांनी वाकून वाटीत बघितलं. मग कमान उलटसुलट करून बघितली. शेवटी ते ड्रायव्हरकडे वळले, खिशातून चावी काढली आणि पुढे केली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "तू सांगत होतास."

ड्रायव्हरने चावी लगेच घेतली नाही. आधी फडक्याने हात पुसले, दोन्ही बाजूंनी, नीट. मग घेतली. आणि काकूंकडे येऊन हळूच म्हणाला, "काकू, पण तुमचं नाव हो..."

"नावाचं मी बघते. तुम्ही गाडी बघा. दुपारी घेऊन जा."

मग काकूंनी पदर खोचला आणि फाटकाकडे तोंड करून हाक मारली, "ए चहावाल्या! सगळ्यांना चहा आण. माझ्यातर्फे!"

चहा आला. पण कुणी टोमणा मारीना, कुणी हसेना. सगळे कप हातात धरून मयताला आल्यासारखे उभे. काकूंनी कमरेवर हात ठेवले.

"अरे, हसा की मेल्यांनो! रीत आहे ना? इतकी वर्षं तुमचा फुकटचा चहा प्यायलेय मी. आता माझी माहेरवाशीण आली तर तोंडं काय पाडताय?"

रंगरावांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "साखर कमी आहे. पहिल्या माहेरवाशिणीला एवढी काटकसर?"

मग काय, गॅरेज असं हसलं की रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघायला लागली. सगळ्यांत मोठ्याने काकू हसल्या. मालकही हसले, पण त्यांचं लक्ष सारखं काचेच्या वाटीकडे जात होतं.

त्या दुपारी काकूंनी कमान पुन्हा सांधली. जुनी सळी खरवडून काढली, टणकची सळी घेतली. ती पहिल्या फटक्यात मुरली, बोटांना तेव्हाच कळलं. तारेचे टाके जेवढे लागतात तेवढेच घातले, जास्तीचा एक नाही. वर कातडं दाबलं. ड्रायव्हर गाडी न्यायला आला तेव्हा वाकून कमानीवरून बोट फिरवत राहिला. एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं.

"कुठंय, काकू?"

"शोधा," काकू म्हणाल्या, आणि दुसरीकडे बघत गनची वायर गुंडाळायला लागल्या.

संध्याकाळी मालक टेबलाशी येऊन उभे राहिले. टेबलावरचं कातडं त्यांनी उचललं, परत ठेवलं.

"काकू, म्हणजे पुढे आता... नाकाशिवाय..."

"हात शाबूत आहेत. पाणी नळाला येतं. आणि हाताला शंका आली की यापुढे काम थांबवणार, टाके वाढवणार नाही. एवढ्यावर भागत असेल तर टेबल माझं. नसेल तर सांगा, उद्या मोकळं करून देते."

मालक पटकन म्हणाले, "छे छे! तुम्ही गेलात तर बाबा स्वप्नात येऊन कान धरतील माझा." मग त्यांनी आवाज खाली आणला. "फक्त एवढं करा. ती वाटी टेबलाखाली ठेवा. गिऱ्हाईक बघतं. आजवर सगळ्यांना तुमच्या नाकाचं सांगत आलोय."

"बघू दे," काकू म्हणाल्या.

सकाळी त्यांनी वाटी घासून घेतली, नळावरून काठोकाठ भरून आणली आणि गन, सळ्या, कातडं सगळं बाजूला सारून टेबलाच्या बरोब्बर मधोमध ठेवली.

पहिलंच काम आलं ते एका मोठ्या गाडीच्या फुटक्या बंपरचं. मागे कोरलेला भाग गायब. काकूंनी गन तापवली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने टोक बंपरला टेकवलं. धुराची बारीक रेघ उठली. काकू वाकल्या, डोळे मिटले, लांब श्वास घेतला. काहीच आलं नाही. तशाच त्या क्षणभर वाकून राहिल्या.

पलीकडून रंगराव बघत होते. त्यांनी पटकन मान वळवली आणि नसलेला डाग पुसायला लागले.

काकूंनी डोळे उघडले. सुरीच्या पातीने बंपरचा एक टवका काढला आणि वाटीत टाकला. टवका पाण्याखाली गेला, डुचमळत वर आला आणि तरंगत राहिला.

"मऊ!" काकू म्हणाल्या. फाटकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.